ऑगस्टमधली ओल

चिलिकाय गावात होनोरिन्दा आयाविरे हिचा शब्द कोणी तपासून घेत नसे. तिने तो उभ्या आयुष्यात एकदाच मागे घेतला, आणि ज्या दिवशी घेतला त्या दिवसापासून गावाने तिला पुन्हा काही विचारले नाही. ती अडुसष्ट वर्षांची होती. लिहिणे-वाचणे तिला जेमतेम येत असे. सही करायची झाली तर ती आधी बोटे कपड्याला पुसून घेई, जणू पीठ मळायला बसते आहे. पण दगड वाचण्याचा मान तिच्या घराण्यात आईकडून मुलीकडे उतरत आला होता, आणि गेली एकेचाळीस वर्षे तो तिच्याकडे होता.

तिकडचा हिवाळा सरता सरता, ऑगस्टच्या पहिल्या तारखेला धरणीचे तोंड उघडते. गावाच्या वरच्या उतारावर खड्डा खणून तिला आधी जेवू घालायचे: कोकाची पाने, मक्याचे दाणे शिजवून केलेली पातास्का, सुकवलेल्या मांसाचा तुकडा, झाडाच्या गोड शेंगांची दारू. मग ऊन दगडांवर चढण्यापूर्वी वाचणारीने तिथलेच तीन दगड उलटायचे. पहिला डिसेंबरचा, दुसरा जानेवारीचा, तिसरा फेब्रुवारीचा. ज्याच्या पोटाखाली ओल, त्या महिन्यात पाऊस. ओल डोळ्यांनी बघायची आणि तळव्याने अजमावायची, जिभेने मात्र नाही. तो सबंध महिना कोणी वाकून पाटाला तोंड लावत नाही, लहान मूल पडले तरी त्याच्या तोंडातली माती आधी झटकतात. धरणी जेवायला बसलेली असताना तिच्या ताटात तोंड घालायचे नाही, हे चिलिकायमध्ये कोणाला शिकवावे लागत नसे.

बहुतेक वर्षी एक दगड ओला निघे, चांगल्या वर्षी दोन. मधली सहा-सात वर्षे अशी गेली की एकही नव्हता. तेव्हा होनोरिन्दाने तसेच सांगितले, आणि लोकांनी वसंत लागण्यापूर्वी कळप अर्ध्यावर आणले. तिने शब्द मागे घेतला त्या वर्षी मात्र पहिला दगड उलटला, तो ओला. दुसरा उलटला, ओला. तिसरा तिने दोन्ही हातांनी उलटला. त्याच्याखालची माती काळी, चिकट, नुकतीच कोणी पाणी शिंपडून गेल्यासारखी होती.

"तीनही," ती म्हणाली, आणि नंतर ज्यांनी पाहिले त्यांनी सांगितले की ती हसली.

तिच्या मयत नवऱ्याचा धाकटा भाऊ एव्हारिस्तो तेव्हा गावाचा अध्यक्ष होता. दारूचा पेला हातात घेऊन तो पुढे आला. "वहिनी, काल रात्री येऊन धुवून ठेवलेत की काय दगड?"

"धुवायला पाणी कुठंय, भावजी? तुमची आंघोळ झाली का या महिन्यात?"

सगळे हसले. बायकांनी ओढण्या हवेत फिरवल्या. कळपवाला देल्फीन पुका, ज्याच्या चेहऱ्यावर आनंद सहसा मुक्कामाला थांबत नसे, तोही नाचला. होनोरिन्दाचा मुलगा सिक्स्तो मात्र खालच्या मैदानातल्या कंपनीचे जाड जाकीट घालून थोडा मागे उभा होता. त्याची टँकरवरची पाळी सुरू होणार होती.

त्या एका शब्दावर गावातल्या चार कळपवाल्यांनी एकही मादी विकली नाही. लामांच्या, म्हणजे तिथल्या लांब मानेच्या लोकरी जनावरांच्या, माद्या गाभण होत्या, पिल्ले पावसाच्या महिन्यांत होणार होती, आणि गाभण जनावर एकदा सप्टेंबरात, वसंतात, शिरले की चिलिकायमध्ये त्याच्यावर सुरी चालवत नाहीत. विकायचे असेल तर ऑगस्टातच. ती वेळ सगळ्यांनी आनंदाने जाऊ दिली.

कंपनीला उठता-बसता शिव्या देणाऱ्यांतली होनोरिन्दा नव्हती. खालच्या मिठाच्या मैदानात कंपनीची तळी होती, निळी, हिरवी, पिवळी, एखाद्या आजाऱ्याच्या नखांसारखे रंग बदलणारी. जमिनीखालचे खारे पाणी उपसून त्यांत भरायचे, उन्हाने ते वर्षभर आटवायचे, आणि तळाशी जे राहील ते दूरदेशी विजेच्या गाड्यांच्या बॅटऱ्यांसाठी पाठवायचे, एवढे तिला ठाऊक होते. गावातला दवाखाना कंपनीचा. सिक्स्तोच्या घरावरचे छप्पर कंपनीच्या पगाराचे. वरच्या अंगाला, झऱ्याकाठची केपियारची पाणथळ पूर्वी तिच्या कळपाला दिवसभर पुरे, आता जनावरांना दुपारी दुसरीकडे हलवावे लागे. याचे कारण ती विचारी तेव्हा कोणी म्हणे कंपनी, कोणी म्हणे हवामान, कोणी म्हणे तुमचीच जनावरे जास्त झाली. ती ऐकून घेई. ज्याचा पुरावा डोळ्यांनी दिसत नाही त्यावर ती बोलत नसे.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात कोन्स्तान्सा आली. ती कंपनीच्या गावसंपर्क विभागातली, राजधानीहून आलेली तरुण बाई होती. स्वभावाने नम्र, कोणाच्याही दारात चिखलाचे बूट काढून आत येणारी. तिची गाडी विजेवरची होती. गाडीला आवाज नसल्याने गावची कुत्री तिच्यावर भुंकत नसत, आणि ती कधी येऊन उभी राहिली हे कोणाला कळत नसे.

"आजी, या वर्षी पाण्याचं कसं काय आहे?" वहीत तारीख लिहून तिने विचारले.

"तीनही दगड ओले निघाले, बाई. एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा."

"म्हणजे जमिनीत ओल चांगली आहे?"

"धरणी म्हणते आहे. मी कोण नाही म्हणणारी?"

कोन्स्तान्साने ते जसेच्या तसे उतरवून घेतले. मग समजावून सांगितले की तिकडे गाड्या बनवणारे लोक आता नुसता माल घेत नाहीत. हा माल काढताना कोणाचे वाईट झाले नाही, तिथल्या माणसांना विचारले, त्यांच्या परंपरेतले ज्ञानही धरले, असा कागद लागतो. "विचारल्याशिवाय आता कोणी काही घेत नाही, आजी."

"चांगलं आहे की," होनोरिन्दा म्हणाली. "विचारलेलं केव्हाही बरं."

आणि तिने बोटे पुसून सही केली.

केपियारच्या वरच्या अंगाला कंपनीला गोड्या पाण्याची विहीर खोदायची होती, त्या परवानगीच्या अहवालात ही सही जाणार होती. कोन्स्तान्साने ते लपवले नाही, सांगितले. पण सांगितले ते शेवटी, उभे राहता राहता. होनोरिन्दाच्या मनात त्या वेळी तीन ओल्या दगडांखेरीज कशाला जागा नव्हती. धरणीकडे इतके असेल तर एका विहिरीने काय होते, असेही तिला वाटून गेले. नंतर हा विचार तिला सगळ्यात जास्त बोचला.

सप्टेंबरच्या मध्यावर ती कळप घेऊन दगडांच्या उतारावरून परत येत होती. दुपारचे दोन वाजले असतील. त्या वेळी तिथे जो वारा सुटतो तो ओले कापड एका जपमाळेच्या वेळात कडक करतो. कळपातली एक तांबडी मादी मागे राहिली होती. मान खाली घालून ती काहीतरी चाटत होती, हाकेला दाद देत नव्हती. होनोरिन्दा तिला वळवायला गेली आणि थबकली. जनावर फेब्रुवारीचा दगड चाटत होते.

तिने तो उलटला. खालची माती पहिल्या ऑगस्टला जशी होती तशीच ओली होती. सहा आठवड्यांत आकाशातून थेंब पडलेला नव्हता. तिने दुसरा उलटला, मग पहिला. जी ओल वाऱ्याला जुमानत नाही, उन्हाला जुमानत नाही, ती पाण्याची असत नाही, हे कळायला तिला वाचणारी असण्याची गरज नव्हती. ऑगस्ट सरला होता, धरणीचे तोंड मिटले होते. तिने चिमूटभर माती जिभेवर ठेवली.

कडू. मिठासारखी खारट नव्हे. मीठ वेगळे काढल्यावर मागे जे उरते त्याचे कडूपण. खालच्या तळ्यांच्या काठी वाढलेले पोरही ती चव ओळखते.

तिने मान वर केली. दगडांच्या वर दहा-पंधरा पावलांवरून नवी वाट गेली होती, आणि ती वाट एखाद्या भिजलेल्या कांबळ्यासारखी काळी दिसत होती.

रविवारी सिक्स्तो जेवायला आला. तिने त्याच्यापुढे वाडगा ठेवला, तो अर्धा होईपर्यंत थांबली आणि मग विचारले, "वरच्या वाटेवर पाणी तू मारलंस?"

"कुठल्या वरच्या?"

"दगडांच्या डोक्यावरच्या."

"पाणी नाही गं आई. तळ्यातलं उरलेलं ते. धूळ बसते त्यानं, रस्ता दगडासारखा होतो."

"कधी?"

सिक्स्तोने चमचा खाली ठेवला. "जुलैच्या शेवटी. दोन टँकर. यंत्र वर न्यायचं होतं."

"कसलं यंत्र? परवानगी तर अजून यायचीय."

"विहिरीचं नाही. चाचणीचं. नुसतं भोक पाडून किती पाणी आहे ते बघतात. चाचणीला परवानगी लागत नाही म्हणे."

"आणि ते तुझं उरलेलं खाली झिरपलं."

"झिरपतंच ते. शिवाय हवेतली ओल ओढून घेतं, पहाटे तर नुसतं घामेजल्यासारखं होतं. म्हणून तर मारतात."

"हवेतलीही ओढतं?"

"हो."

तिने चुलीतले लाकूड आत सारले. "तुला कळलं होतं, सिक्स्तो?"

"तू हसत होतीस, आई. बाबा गेल्यापासून मी तुला हसताना बघितलं नव्हतं. सगळे नाचत होते. म्हटलं, असू दे. पाऊस काय दगडावर अवलंबून आहे थोडाच?"

"पाऊस नाही रे. माणसं आहेत."

त्याने उरलेले अन्न संपवले नाही. तिनेही आग्रह केला नाही.

दगडांचे सांगणे एकदा धरणीच्या जेवणावर उच्चारले की परत घेत नाहीत. होनोरिन्दाच्या पणजीच्या काळी शेजारच्या गावात एका बाईने घेतले होते. तिला पुन्हा कोणी विचारले नाही आणि तो मान त्या गावातूनच नाहीसा झाला. ही गोष्ट तिने लहानपणी इतक्यांदा ऐकली होती की त्या बाईचे नाव कोणालाच माहीत नाही हे तिला आता प्रथम जाणवले. चार दिवस ती घराबाहेर पडली ती फक्त कळपापुरती. पाचव्या दिवशी एव्हारिस्तोच्या दारात गेली.

तो खुरपे परजत होता. सगळे ऐकून घेईपर्यंत त्याचा हात थांबला नाही. मग म्हणाला, "वहिनी, गप्प बसा."

"कशी बसू?"

"अशा. जशा आत्ता बसलात तशा. समजा पडला पाऊस?"

"पडला तर देव पावला."

"आणि नाही पडला तर लोक दगडांना शिव्या देतील. एखाद्या वर्षी दगडांचंही चुकतं."

"दगड चुकले नाहीत, भावजी. दगडांच्या तोंडात दुसऱ्यानंच शब्द घातला. आणि त्यावर सही माझी आहे."

एव्हारिस्तोने खुरपे बाजूला ठेवले. "विहिरीला हो म्हणायचं ठरलं तेव्हा सभेत मी काय बोललो ते आठवतं? 'दगडच हो म्हणालेत, मग आपण कोण?' अर्धी माणसं त्या वाक्यावर वळली. तुमचा शब्द गेला की माझाही जातो. पोरांना तिथं कामं लागायचीत. सिक्स्तोचं काय होईल, विचार केलात?"

"केला."

"मग?"

"शुक्रवारी ती बाई येणार आहे ना अहवाल वाचून दाखवायला? मी येते." उठताना तिने गुडघ्यावर हात टेकला. "खुरप्याची धार गेली भावजी. दुसऱ्या बाजूनं परजा."

शुक्रवारी सकाळी समाजमंदिरात चव्वेचाळीस माणसे जमली. कोन्स्तान्साने पडद्यावर पाने दाखवली, रंगीत, नकाशे असलेली. छत्तिसाव्या पानावर होनोरिन्दाचा फोटो होता, मागे उतार, आणि खाली लिहिले होते की केपियार परिसरातील जमिनीच्या ओलाव्याची स्थिती समाधानकारक असून स्थानिक परंपरागत ज्ञानाने तिला पुष्टी मिळते. फोटो छान आला होता. काही जणांनी टाळ्या वाजवल्या.

होनोरिन्दा उभी राहिली. "ते पान खोटं आहे," ती म्हणाली. "मी खोटं बोलले नाही, पण ते खोटं आहे." आणि तिने सांगितले: वाट, टँकर, कडू माती. कोणाचा टँकर ते मात्र सांगितले नाही. गरज नव्हती, गावात टँकर चालवणारा एकच होता.

पहिला बोलला देल्फीन पुका. "म्हातारी झालीस तू, होनोरिन्दा. आधी तीनही ओले, आता तीनही खोटे. आणि माझ्या बावीस गाभण माद्या? त्या कुणाच्या शब्दावर ठेवल्या मी?"

"माझ्या."

"मग आता काय करू त्यांचं? परत पोटात घालू?"

कोणी हसले नाही. मागून एक बाई म्हणाली, "दगड परत घेते म्हणे. बाजारातली भांडी आहेत का ती?" एव्हारिस्तो खिडकीबाहेर बघत होता.

कोन्स्तान्साचा चेहरा उतरला होता. तो खरोखर उतरला होता, हे होनोरिन्दाने पाहिले आणि पुढे कायम तिच्या बाजूने सांगितलेही. "आजी, मी लिहून घेते," ती म्हणाली. "पण अहवाल पंधरा तारखेलाच गेला. आता पुरवणी जोडता येईल."

"पुरवणी म्हणजे?"

"शेवटी जोडलेला कागद."

"तो वाचतात का?"

कोन्स्तान्साने पेन उचलले. "काय लिहू? जमिनीत ओल नव्हती, असं?"

"असं नको. ते मला तरी कुठं माहीत आहे?" होनोरिन्दा म्हणाली. "असं लिही, की या वर्षी दगडांनी काहीच सांगितलं नाही. धरणीला विचारायच्या आत तिच्या तोंडात कोणीतरी उत्तर कोंबलं होतं."

संमती मागे घ्यायची का, यावर हात वर करायला सांगितले. एव्हारिस्तोने मोठ्याने मोजले. सतरा. त्या सतरांत एक हात कंपनीच्या जाकिटाच्या बाहीतला होता. होनोरिन्दाने त्याच्याकडे एकदाच पाहिले आणि मान फिरवली, कारण अजून बघत राहिली असती तर तिला तो हात खाली घे म्हणावेसे वाटले असते.

सोमवारपासून टँकर दुसऱ्या गावच्या माणसाच्या हाती गेला. सिक्स्तोला काढले असे कोणी म्हणाले नाही, त्याच्या नावाची पाळीच लागली नाही. त्याच सोमवारी चाचणीच्या भोकातून पाण्याचा उपसा सुरू झाला. केपियारच्या वरून एक सलग गुरगुर येऊ लागली. मोठी नव्हती, बोलणे थांबवले तरच ऐकू येई. पण ती दिवसभर थांबत नसे, आणि तीन दिवसांनी माणसांच्या लक्षात आले की आपण बोलणे थांबवायचे टाळतो आहोत.

गुरुवारी होनोरिन्दा चौतीस जनावरे घेऊन पाणथळीवर गेली. झऱ्याच्या डोळ्याशी कंपनीने पट्टे आखलेली एक पांढरी काठी रोवली होती. पट्ट्यांचे आकडे तिला लागत नव्हते, पण काठीवर पाण्याने सोडलेली शेवाळाची रेघ दिसत होती, आणि पाणी त्या रेघेखाली वीतभर होते. काठावरचे गवत हिरवेच होते. फक्त त्याची मुळे उघडी पडली होती, म्हातारीच्या केसांसारखी, आणि त्यांना अजून ते कळलेले नव्हते.

देल्फीन पुका आपल्या माद्या घेऊन आधीच आला होता. तो दूर उभा होता. समाजमंदिरातल्या बोलण्यानंतर तो तिच्याशी बोलला नव्हता, गावातले फारसे कोणीच बोलले नव्हते. पाव आणि भाजीपाल्याच्या दुकानात तिच्यापुढची रांग मुकाट्याने सरके. बऱ्याच वेळाने तो चिखल टाळत जवळ आला.

"किती दिवस?" त्याने विचारले.

"मला नको विचारूस, देल्फीन. मी आता वाचत नाही."

"वाच कुठं म्हणतोय? बघ म्हणतोय."

तिने बघितले. माद्या पाण्याच्या शोधात मध्यापर्यंत गेल्या होत्या. कालपर्यंत जिथे त्यांचे खूर पाण्यात टेकत तिथे आता गाळ होता, आणि जड पोटाची जनावरे त्यात ढोपरापर्यंत रुतून, एक पाय काढताना दुसरा घालवत, तरीही पुढेच जात होती. पुढे पाणी होते हे त्यांना वर्षानुवर्षे माहीत होते.

"दोराय का तुझ्याकडे?" तिने विचारले.

"आहे."

"आण. आधी त्या पांढरीला काढू, ती पोटापर्यंत रुतलीय. मग सगळ्यांना खाली पाटावर न्यायचं, आजच."

"पाटाचं पाणी शेताचं आहे. गाव भांडेल."

"भांडू दे," होनोरिन्दा म्हणाली, आणि बूट काढून गाळात उतरली.